पोफळीच्या पन्हळीतून आलेलं पाणी

लग्न होऊन मी रत्नागिरीकडच्या वाडीत आले, तेव्हा नवरा मुंबईला नोकरीत. घरात सासू, सासरे, थोरली जाऊ आणि मी. पाणी मात्र वर डोंगरात, कातळाच्या पोटातून निघणाऱ्या झऱ्याचं. मे महिन्यातही तो आटत नसे. आम्ही दोघी जावा डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन रोज चढायचो.

भातझोडणी उरकली आणि सासऱ्यांनी वाऱ्याने पडलेल्या पोफळी उभ्या चिरून, आतून कोरून पन्हळी केल्या.

"ह्यातून पाणी घरी आणू," ते म्हणाले.

"पाण्याला कुठे चालायची सवय? ती तुमच्या सुनांना," सासूबाई म्हणाल्या. पण आधाराला दुबेळकी, दोन फाट्यांची लाकडं तोडायला कोयती घेऊन पहिल्या त्याच निघाल्या.

पन्हळीला पन्हळ जोडत आम्ही पार परसापर्यंत आलो. मग जाऊ आणि मी वर जाऊन झऱ्याचं पाणी वळवलं. पालापाचोळा पुढे ढकलत ते निघालं, तशा आम्हीही त्याच्या बाजूने उतारावरून धावत सुटलो. एका सांध्यातून गळत होतं. तिथे चिखल थापताना जाऊ घसरली आणि बसली ती हसतच राहिली. तिला उठवायला गेले तर मीही तिच्या शेजारी. पाणी आमच्याआधी घरी पोचलं.

परसात आलो तर सासूबाई लुगड्यासकट शेवटच्या पन्हळीखाली उभ्या, डोळे मिटून.

"अगो, हंडा तरी लाव," सासरे म्हणाले.

"हंडे भरतील मागनं. आधी मी भरत्येय."

तेवढ्यात पाण्याबरोबर एक कुर्ली आली, त्यांच्या खांद्यावर आपटली आणि नांग्या उगारत तिरकी आळवात पळाली. त्या आठवड्यात आम्ही जावांनी घासलेली भांडी पुन्हा घासली, पाणी वाजतं ते नुसतं ऐकायला.

वरकड पाणी खाली शेतात सोडलं आणि वाडीत आमच्याकडे पहिल्यांदाच उन्हाळी भात, वायंगण, लागलं. सगळा डोंगर पिवळा पडला तरी आमचा भाताचा कुणगा हिरवागार. शेजारणी कळश्या घेऊन यायच्या आणि तासभर बांधावरच बसायच्या.

शिमग्याला नवरा आला. पन्हळीखाली बसला तो उठेचना. अंगभर साबण लावून गाणं म्हणत होता.

"भाताला पण तहान लागते रे," म्हणत सासूबाईंनी पन्हळ शेताकडे फिरवली. डोळे मिटून, हात पुढे करून तो पाणी शोधत राहिला. जाऊ आणि मी पोटं धरून हसत आळवात बसलो.