मंगलताईंच्या शिवणकामाचं उत्पन्न

मंगलताई शिरसाठ यांनी आयुष्यात एकही ब्लाउज शिवलेला नाही. त्यांचं शिवणकामाचं उत्पन्न मी लिहिलं, माझ्या मनाने, सलग पाच वर्षं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही. नावं तेवढी बदलली आहेत.

मी नाशिकचा टॅक्स कन्सल्टंट. सीए नाही, पण लोक ‘साहेब’ म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानावर ऑफिस होतं. रिटर्नची मुदत जवळ आली की जिन्यापर्यंत माणसं. नव्वदच्या दशकात आमच्या धंद्यात एक रीत होती, ‘मिसेसची फाइल’. नवऱ्याचा नफा फुगला की थोडा बायकोच्या नावावर दाखवायचा. आता नवऱ्याने नुसतेच पैसे बायकोला दिले, तर त्यावरचं व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजतात. याला क्लबिंग म्हणतात. म्हणून बायकोची स्वतःची कमाई हवी. ती नसली तर आम्ही करून द्यायचो. आकडा करमुक्त मर्यादेच्या जरा खाली. टॅक्स शून्य, आणि दरवर्षी तिच्या नावावर पांढरा पैसा जमा.

धंदे ठरलेले होते. बाई ग्रॅज्युएट असली तर ट्यूशन. कमी शिकलेली असली तर शिवणकाम. सासू असली तर पापड-कुरडया. माझ्या फायली खऱ्या धरल्या तर नाशकात एवढे ब्लाउज शिवले जात होते, की ते घालायला मालेगावहून बायका आणाव्या लागल्या असत्या.

विलास शिरसाठचं सातपूरला लेथचं वर्कशॉप होतं. कंपन्यांची जॉबवर्कची कामं जोरात.

‘मिसेस काय करतात?’ मी विचारलं.

‘काय करणार साहेब, घरीच.’

‘शिक्षण?’

‘नववी.’

‘मग शिवणकाम.’

विलास हसायला लागला. ‘साहेब, तिला बटण लावता येत नाही. हे बघा, शर्टाला पिन आहे.’

‘इन्कम टॅक्सवाले बटण लावून दाखवा म्हणत नाहीत.’

रिटर्नचा फॉर्म त्याने घरी नेला आणि बायकोची सही घेऊन आणला. एका कोपऱ्याला कणीक लागली होती. कशावर सही केली हे बाईंनी विचारलं नसणार, आणि मीही त्यांना कधी भेटलो नव्हतो.

खोटं लिहायचं तर नीट लिहायचं, याचा मला अभिमान होता. दुसरे कन्सल्टंट एकच आकडा वर्षानुवर्षं ठोकायचे. मी नाही. मी दरवर्षी उत्पन्न थोडं वाढवायचो. लग्नसराईचं जास्त, पितृपक्षाचं कमी. दोरा, काज-बटण, इस्त्रीचा कोळसा असा खर्च दाखवायचो. मशीनचा घसाराही लावला. घसारा म्हणजे वस्तू जुनी होते म्हणून तिची किंमत दरवर्षी कमी धरायची. जी मशीन नव्हतीच, ती मी पाच वर्षं जुनी केली.

मग विलासने दुसरा संसार थाटला आणि मंगलताईंना मुलीसकट माहेरी पाठवून दिलं. त्यांच्या नावाची एफडी होती, पण ‘दोघांपैकी कोणीही’ मोडू शकेल अशी. ती त्याने आधीच मोडली होती. बाईंनी पोटगीचा दावा लावला. विलासच्या वकिलाने कोर्टात पाच रिटर्न ठेवले. बाई स्वतः कमावतात, धंदा वाढता आहे, मशीनसुद्धा आहे, घसारा बघा.

आठवड्याभरात मंगलताई जिना चढून आल्या. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. बरोबर त्यांचे थोरले भाऊ.

‘तुमीच लिहिलं ना हे, दादा?’

‘मिस्टरांनी सांगितलं तसं लिहिलं.’ हे खोटं होतं.

‘मला सुईत दोरा ओवता येत नाय. जज्जसाहेबांना मी तेच सांगितलं, तर त्यांचा वकील म्हने, सही तुमची हाय का? हाय म्हनलं. मंग बसा म्हने.’

भाऊ म्हणाले, ‘साहेब, एकदा कोर्टात या. खरं तेवढं सांगा. आम्ही बाकी काय मागत नाय.’

मी म्हणालो, बघतो. हा शब्द आमच्या धंद्यात फार उपयोगी आहे.

बघण्यासारखं काही नव्हतं. कोर्टात खरं सांगितलं असतं तर प्रश्न आला असता, अशा किती फायली आहेत? कपाट भरून होत्या. चार दिवसांनी बाईंच्या वकिलांचा फोन आला.

‘तुम्हाला समन्स काढू का?’

‘काढा,’ मी म्हणालो. ‘मी सांगेन, आकडे बाईंनीच दिले होते.’

‘मग नको,’ ते म्हणाले. समन्स निघालं नाही.

निकालात मुलीला थोडी रक्कम मिळाली. मंगलताईंना काही नाही. त्या स्वतःचा चरितार्थ चालवू शकतात, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. पुरावा चांगला होता, मीच तयार केलेला. पुढे त्या अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला लागल्या. विलासचं रिटर्न त्यानंतरही दोन वर्षं मीच भरलं. फी वेळेवर यायची.

मिसेसच्या फायली मी नंतर बंद केल्या. पश्चात्ताप वगैरे नाही. पॅन सक्तीचा झाला, कॉम्प्युटर आले, भीती वाटायला लागली.

आता लोक टॅक्स वाचवायच्या टिप्स विचारतात. सांगतो. बायकोच्या नावावर खरी कमाई असेल तर फाइल जरूर काढा, कायदा आड येत नाही. रिटर्न सही करणाऱ्याचं असतं, भरून देणाऱ्याचं नसतं, तेव्हा वहिनींना आधी वाचून दाखवा. प्रत त्यांच्याकडेही राहू द्या, नवऱ्याच्या कपाटात नको. त्यांचे पैसे त्यांच्या एकटीच्या खात्यात ठेवा. आणि एखादा कन्सल्टंट न विचारता तुमच्या घरात धंदा सुरू करून देत असेल, तर त्याच्याकडून उठा. तो हुशार असेल तर जास्त लवकर उठा.

माझ्यावर केस झाली नाही, नोटीस आली नाही. मंगलताईंना मी एक शपथपत्र देणं लागतो. अर्ध्या पानात मावेल, की हे उत्पन्न त्यांचं नव्हतं आणि ते मी लिहिलं. ते अजून दिलेलं नाही.