मोठेबाबांची भाजलेली कोंबडी

मोठेबाबा निखाऱ्यापाशी बसले की कुणाशी बोलत नसत. ‘भाजणारा बोलला का कोंबडी करपते,’ एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. धामणगाव रेल्वेजवळच्या आमच्या मळ्यात कुठलाही कार्यक्रम असो, बाभळीच्या निखाऱ्यांवर तारेची जाळी मांडून ते दुपारपासून बसायचे.

मसाला त्यांच्या आजोबांचा, आबाजींचा. भाजलेलं खोबरं, खसखस, लसूण, लाल तिखट पाट्यावर वाटायचं, कोंबडीला चिरा देऊन त्यांत भरायचं आणि भाजताना कांद्याच्या पातीच्या जुडीनं जवसाचं तेल फिरवत राहायचं. आजोबांनी मुलाला शिकवलं, मुलानं मोठेबाबांना. लेकींना कुणी शिकवत नसे. ‘लेक दुसऱ्याच्या घरची,’ असं मोठेबाबा स्वतःच्या मुलीच्या, रेखाताईच्या, तोंडावर म्हणायचे. ती पाटा धुवायला घ्यायची.

त्यांच्या दोन्ही मुलांना खाण्यापुरतीच गोडी. थोरला धुराला कंटाळायचा. धाकट्यानं एकदा बाजारातला तयार मसाला आणून दिला. मोठेबाबांनी पुडी उघडलीसुद्धा नाही. ‘थकलो रे बाप्पा,’ म्हणाले आणि निखारे सारखे करू लागले.

पुढे अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला. नातवाच्या वाढदिवसाला सगळे मळ्यात जमले, कोंबड्या साफ करून ठेवल्या, पण भाजायला कुणी बसेना. पातूरहून, सासरहून, रेखाताई आली होती. मोठेबाबा बाजेवरून म्हणाले, ‘रेखा, बस तिथं. मी सांगतो तसं कर.’

‘सांगू नका, बाबा. मले येते.’

‘कवा शिकली?’

‘तुमी शिकवलं नाही. लहानपणापासून पाहूनच राहिली होती मी.’

ती जाळीसमोर बसली. जेवताना मोठेबाबांनी डाव्या हातानं पहिला घास घेतला, बराच वेळ चावत राहिले. ‘आमच्या आबाजीच्या हातची लागून राहिली,’ म्हणाले. मग त्यांनी मान वर केलीच नाही.

त्याच उन्हाळ्यात ते गेले.

आता कुणाकडे काही असलं की रेखाताईला फोन जातो. तिचे गुडघे गेलेत, तरी ती येते. मागच्या महिन्यात अकोल्याला, आमच्या जठारपेठेतल्या घराच्या गच्चीवर, ती तासभर जाळीसमोर बसली होती. तिचे भाऊ खुर्च्यांवर बसून ‘झालं काय?’ विचारत होते. तिनं गुडघा दाबला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘काहून उभा आहे? बस इथं. तेल लाव. मी जराशी पडते.’

मी बसलो. ती शेजारच्या चटईवर आडवी झाली आणि खरंच झोपली.