ओवीला घेऊन मैंदर्गीच्या येळवशीला

मैंदर्गीहून थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी काहीतरी कारण सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अक्कलकोट भागात येळवस असते. सगळं घर रानात जातं, उभ्या ज्वारीत देवीला नैवेद्य दाखवतं आणि तिथंच पंगत बसते. मी श्रीपूरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. तेव्हा गळीत ऐन भरात असतं, त्यामुळे कारण खोटं नसतं. पण गेली दोन वर्षं खरं कारण ओवी होती.

ओवी माझी मुलगी, सहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचं पोट फुगायचं, जेवण अंगी लागायचं नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की गहू तिला कायमचा वर्ज्य. रवा, मैदा, शेवया, बिस्किट, सगळंच. चिमूटभरही नको, कारण चिमटीनंही तिच्या आतड्याला इजा होते. तेव्हापासून आम्ही मुक्कामाला कुठं गेलोच नव्हतो. यंदा अक्का म्हणाली, "तुज्या पोरीचं मी बगते की. तू नुसता ये." पत्नी मंगलच्या अंगणवाडीची तपासणी होती, ती येऊ शकत नव्हती. तिच्याशिवाय ओवीला एकट्यानं सांभाळायची माझी ही पहिलीच वेळ.

अशा मुलाला घेऊन निघणाऱ्यांसाठी आमचं सामान सांगतो. घरघंटीवर दळलेलं ज्वारीचं पीठ चार किलो. गावच्या गिरणीतलं चालत नाही, आधीच्या गव्हाचं पीठ तिथं उरलेलं असतं. स्वतःचा तवा, छोटी परात, राजगिऱ्याचे लाडू, शेंगाचटणी. पीठ न मिसळलेल्या हिंगाची डबी मंगलनं मुद्दाम बांधून दिली, कारण बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. हे आम्हाला आजार कळल्यावर सहा महिन्यांनी समजलं होतं, तोवर रोज फोडणीत घालत होतो.

सकाळी सहाची एसटी धरली. पंढरपूर, मोहोळ करत दहाच्या सुमारास सोलापूर. ओवीचं अर्धं तिकीट, दोघांचं जाऊन-येऊन हजाराच्या आत होतं. स्टँडबाहेर गरम भजी तळत होते. ओवीनं विचारलं, बेसनाची असतात ना? मी गाडीवाल्याला विचारलं, याच कढईत समोसे तळता का? तो म्हणाला, "कढई एकच हाय की मालक. दुसरी कुटं ठेवू, डोक्यावर?" आम्ही तिघंही हसलो. ओवीनं लाडू खाल्ला.

अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेतलं. गर्दी बेताची होती. दुपारी अन्नछत्राच्या दिशेनं सगळे निघाले, आम्ही झाडाच्या सावलीत डबा उघडला. देवाच्या दारात येऊन पंगतीला न बसणं मला फार जड जातं. लहानपणापासून प्रसाद कधी नाकारलेला नाही. याच भक्तीपायी मी एकदा चूक केली होती. आजार कळून दोनच महिने झाले होते. एका पूजेत ओवीला बोटभर शिरा दिला. देवाचा आहे, बाधणार नाही, असं मनाशी म्हटलं. पोर तीन दिवस उलट्या-जुलाबांनी आडवी होती. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "देवाचं असलं तरी दुखतं का, बाबा?"

अक्कलकोटहून मैंदर्गी अर्ध्या तासावर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पोटऱ्यात आलेली, कणीस बाहेर पडायच्या बेतातली ज्वारी, मधे करडई. अक्काच्या घरी एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. तिच्या सासूबाईंनी ओवीची हनुवटी धरून, किती बारीक गं, म्हटलं आणि मग माझ्या पोटाकडं बघून, हिचं समदं तूच खातोस वाटतं, असंही म्हटलं. रात्री अक्कानं आमच्याच पिठाच्या, आमच्याच तव्यावर भाकरी केल्या. मी निश्चिंत झोपलो.

पहाटे उखळाच्या आवाजानं जाग आली. स्वयंपाकघरात अक्का भिजवलेले दाणे मुसळानं सडत होती. येळवशीला इथं हुग्गी लागतेच, म्हणजे कांडून कोंडा काढलेल्या गव्हाची गूळ घातलेली खीर. मी दाराशी उभा राहिलो तशी अक्का घाम पुसत म्हणाली, "पोरीसाटी मुद्दाम खपली आणलीया, साधा गहू न्हाय. शुगरवाल्यास्नी बी चालती ही. आज देवीचा परसाद तिला पोटभर घालणार हाय मी."

खपली हा गहूच. जुन्या जातीचा, पचायला हलका म्हणतात, पण ओवीच्या पोटाला विषच. मला ते ठाऊक होतं. तरी मी गप्प राहिलो. पहाटेपासून मुसळ चालवणारे तिचे हात पाहिले, आणि सांगायला जीभ उचलेना. नंतर कुणाचं लक्ष नसताना वाटी बाजूला सारू, दोन दाणे तोंडाला लावल्यासारखं करू, असले विचार डोक्यात आले. शिऱ्याच्या वेळीही मी मनाची अशीच समजूत घातली होती.

तेवढ्यात ओवी डोळे चोळत आली. उखळात वाकून तिनं पाहिलं.

"आत्या, गहू आहे ना हा?"

"खपली हाय बाळ. तुज्यासाटी."

ओवीनं माझ्याकडं पाहिलं. "बाबा, खपली चालते मला?"

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. "नाही बाळा," मी म्हटलं. "खपलीपण गहूच."

अक्काचा हात थांबला. तिनं मुसळ भिंतीला टेकवलं. मग म्हणाली, "तू कवापासनं हुबा हायेस दारात?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ लई भिडस्त हाय बाई तुजा. पोरगी बरी, तिला तोंड तरी हाय."

अक्का उठली. माजघरातलं जातं तिनं पुसलं, वरची तळी उचलून आतूनही पुसलं. या जात्यात तुरीबिगर कधी काही पडलेलं नाही, हे तिनं मला न विचारताच सांगितलं. घरची ज्वारी सुपात घेऊन दाणा दाणा निवडला. ओवी तिच्या मांडीला लागून बसली आणि खुंट्याला हात लावू लागली. ज्वारीच्या कण्या पडल्या, गूळ आणि दूध घालून शिजल्या. भज्जी म्हणजे इथली बेसन लावलेली मिसळभाजी, तिचं बेसन त्याच जात्यावर निघालं, आंबील मी नेलेल्या पिठाची झाली. मला वाटलं, हे ओवीपुरतं वेगळं पातेलं. पण मोठ्या पातेल्यात कण्याच होत्या, आणि खपली झाकून कोपऱ्यात सरकवलेली.

मी म्हटलं, अक्का, नैवेद्याला तर हुग्गीच लागते ना?

ती सासूबाईंकडं बघू लागली. सासूबाई टोपलीत फडकं पसरत म्हणाल्या, "रानात ज्वारी हुबी हाय. देवीला ज्वारीचं वावडं असतंय व्हय? चला, ऊन चढाय लागलं."

रानात कडब्याच्या खोपीत देवी म्हणून पाच दगड मांडले होते, चुना लावून. अक्कानं कण्यांचा नैवेद्य ठेवला, दाजींनी शेताच्या चारी कडांना आंबील शिंपडली. मी डोळे मिटून हात जोडले. उघडले तर ओवी पंगतीत मधोमध जाऊन बसली होती. पहिला घास घेताना तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. दोन वर्षांत प्रथमच ती, चालतं का, असं न विचारता जेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीपूरला परतलो. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर लागले होते, एक तास उशीर झाला. ओवीचं पोट ठणठणीत होतं. जेवताना मी मंगलला सगळं सांगितलं. माझं दारात उभं राहणंही सांगितलं, ते चुकवावंसं वाटत होतं तरीही.

मग मी म्हटलं की आपल्या पौर्णिमेच्या पूजेला पुढच्या वेळी शिरा तांदळाच्या रव्याचा करू. दोन वर्षं मी गव्हाचाच शिरा देवापुढं ठेवत होतो आणि स्वतःच्या लेकीच्या हातावर खडीसाखर.

मंगल म्हणाली, "मी कधीची वाट बघत होते. देवाचं सगळं तुम्ही बघता, म्हणून बोलले नाही."