डावी कड

ओर्तेन्सियाचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला कौतुक वाटायचं.

आमच्या गिरणीपेठेच्या शिवणघरात गेली एकोणीस वर्षं राणीचा झगा तीच शिवते. ऑगस्टच्या मिरवणुकीत प्रत्येक पेठेची एक मुलगी पाचशे वर्षांपूर्वीची राणी होऊन चालते, तिचा झगा. सगळं हातशिलाईचं, मशीनचा एक टाका सापडला तरी पेठ झग्यांच्या स्पर्धेतून बाद. मी त्याच एकोणीस वर्षांत भालेकऱ्यांच्या विजारी शिवल्या. ही बाई मूळची आमच्या गावचीसुद्धा नाही, समुद्राकडची. इथल्या पाववाल्याशी लग्न करून आली, तो गेल्यावरही राहिली. अजून त्याचाच एप्रन बांधून शिवायला बसते, दोरा दाताने तोडते आणि अखंड बोलते. तिच्या बडीशेपेच्या बिस्किटांनाही नाव ठेवायला जागा नाही, हे आणखी एक.

पण तिची खरी कीर्ती झग्याच्या पाठीवरच्या भोकांची, ज्यांतून दोरी ओवून झगा आवळतात. ती कापड कापत नाही. टोच्याने धागे बाजूला सारते आणि कडेने रेशमाचे टाके घालते. कापलेला धागा पुन्हा जुळत नाही, सारलेला जागेवर आणता येतो, असं तिने मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. मी नाक मुरडलं आणि घरी जाऊन गुपचूप शिकले.

यंदा मिरवणुकीच्या दिवशी ती जेवायला घरी गेली. मी विजारींना इस्त्री करत होते. समोर झगा टांगलेला होता, आणि मला दिसलं की पाठीवरची भोकं समोरासमोर आहेत. त्या काळी एकच दोरी नागमोडी ओवत, म्हणून एका कडेची भोकं दुसरीपेक्षा अर्ध्या बोटाने खाली हवीत. समोरासमोर भोकं बुटांना असतात.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? परीक्षक बाई आधी पाठच बघतात. ओर्तेन्सियाचं नाक कापलं जाणार, आणि पुढच्या वर्षी झगा माझ्याकडे येणार. मी आणखी दोन विजारींना इस्त्री केली.

तेवढ्यात यंदाची राणी, सतरा वर्षांची लविनिया, चपला फटफटवत आली. झग्यावरून हात फिरवत म्हणाली, "निवेसकाकी, आज घंटापेठेला रडवायचं."

ती गेल्यावर मी कडी लावली. डाव्या कडेची तेरा भोकं उसवली, वाफेवर नखाने धागे पुन्हा जुळवले आणि अर्धं बोट खाली नवी भोकं केली. जेवण राहिलं. हे ओर्तेन्सियासाठी नव्हतं, पेठेसाठी होतं.

संध्याकाळी चर्चच्या अंगणात परीक्षक बाईंनी भिंग लावलं. "उजवी कड छानच आहे," त्या म्हणाल्या, "पण डावी बघा. अशी भोकं मी फक्त संग्रहालयातल्या झग्यावर पाहिलीत."

सगळ्यांनी ओर्तेन्सियाकडे पाहिलं. "हात बसला की येतं," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण घंटापेठेच्या बायका दोन हातांवर उभ्या होत्या. त्यांच्यादेखत तोंड उघडलं असतं तर चूकही बाहेर पडली असती. आम्ही जिंकलो.

मिरवणूक निघाली तेव्हा ओर्तेन्सियाने पायरी उतरायला माझा दंड धरला. आधी कधी धरला नव्हता.

"निवेस, तू कुणाची खोटी स्तुती करत नाहीस, म्हणून तुलाच विचारते," ती हळू आवाजात म्हणाली. "डावी कड खरंच चांगली झालीय का? एप्रिलपासून मला भोकं दिसत नाहीत. बोटांच्या अंदाजाने शिवलं सगळं."

"फार चांगली झालीय," मी म्हटलं.

एकोणीस वर्षांत तिच्या कामाला मी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं, आणि ते काम माझं होतं.