डब्यांत आलेली गाडी

"होऊन जाईल रे," म्हणत माझा मित्र कुठलाही बोल्ट डोळे मिटून चिमटीत फिरवायचा आणि तो गाडीत कुठे बसतो ते सांगायचा. मी मान डोलवायचो. गाडीतलं मला पेट्रोल कुठे भरतात एवढंच कळतं, आणि ते कुठल्या बाजूला हेही उतरून बघावं लागतं.

इथे ऑस्ट्रेलियात, ट्रुगानिनात आमची घरं समोरासमोर. तो पुण्याचा, आयटीतला. आमच्यातले बाकीचे चाळिशीत सायकल घेतात आणि गुडघा दुखवून घेतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. यानं सत्तरच्या दशकातली, गडगडाटी आवाजाच्या व्ही-एट इंजिनाची मसल कार घेतली. घेतली म्हणजे ट्रेलरवरून सांगाडा आला आणि उरलेली गाडी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून आली. आधीच्या मालकानं नटबोल्ट वेगळे करून प्रत्येक झाकणावर कुठले ते लिहिलं होतं. गाडी पूर्ण होण्याआधीच तो वारला. त्याच्या बायकोनं शेड रिकामी करायला काढली होती.

"अपशकुन वाटत नाही?" मी विचारलं.

"मेट, अर्धं काम त्यानं केलंय. आता फक्त जोडायचं. होऊन जाईल."

हिवाळ्यात त्याच्या हातून पाना निसटायला लागला. "थंडी आहे," तो म्हणाला. मग शर्टाची बटणं लागेनात. मग तपासण्या झाल्या. आजार नसांचा होता, औषध नव्हतं.

"आधी हात जाणार, मग बोलणं, मग श्वास," त्यानं मला पुढची स्टेशनं सांगावीत तसं सांगितलं. "हात आहेत तोवर इंजिन जोडायचं. एकदा ते ऐकायचंय, बस."

हे कळल्यावर त्याची आई पुण्याहून आली. आजारावर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, स्वयंपाक. गणपतीत त्यांच्या घरी अर्धं ट्रुगानिना जेवून गेलं आणि जाताना प्रत्येकाच्या हातात डबा होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी माझा डबा उघडला. झाकणावर घासूनही न गेलेली अक्षरं होती : वॉटर पंप. मसालेभात उत्तम झाला होता. मी झाकण पुन्हा लावून टाकलं.

संध्याकाळी गेलो तर गराजमध्ये एक बादली होती. सगळे नटबोल्ट त्यात एकत्र, भांड्यांच्या साबणानं धुऊन चकचकीत.

"एवढे चांगले डबे खिळ्यांनी अडवून ठेवले होते मेल्यानं," काकू मला सांगत होत्या.

त्यानं बादलीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "बरं केलंस आई. फार तेलकट झाले होते."

त्या खूश होऊन आत गेल्या. त्यानं एक बोल्ट उचलला, डोळे मिटले. बोल्ट पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मी बावळटासारखा उभा. या वेळी 'होऊन जाईल' आलं नाही.

सुनेनं सांगितल्यावर काकूंना काय झालं ते कळलं. त्या रडल्या नाहीत. सकाळपासून गराजमध्ये पाट टाकून, मांडीवर ताट घेऊन बसायला लागल्या. तांदूळ निवडावेत तसे बोल्ट निवडायच्या. लांब इकडे, आखूड तिकडे. "हा कुठला रे?" त्याला विचारायच्या. सुरुवातीला तो सांगायचा. नंतर बोलणं गेल्यावर नुसती मान हलवायचा. मी मेकॅनिक आणला. तो बघून म्हणाला, काही महिने लागतील. महिने नव्हते.

तो उन्हाळा संपायच्या आत गेला. गाडी तिसऱ्याच कोणाच्या तरी ट्रेलरवरून गेली, तेव्हाही इंजिन मुकंच होतं.

चाकं मात्र आम्ही बसवली होती. जाण्याआधीच्या एका रविवारी दोघांनी उचलून त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. शेजारी काकू. चौघेजण मागून ढकलत होते. मी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं होतं, म्हणजे माझ्यासारख्याच्या हातात गाडी द्यायची वेळ आली होती. आमची गल्ली सपाट. ढकलणारे दमले की गाडी थांबायची. टायरखाली खडी करकरायची, तेवढाच आवाज. तो समोर काचेतून बघत होता, काहीतरी यायची वाट बघितल्यासारखा.

काकूंनी त्याचा मांडीवरचा हात आपल्या हातात घेतला. मग लहान मुलाला कडेवर घेऊन फिरायला निघताना म्हणतात ना, तसं अगदी हळू म्हणायला लागल्या, "भुर्र... भुर्र..."

गल्ली संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.