व्हाय नॉट आणि कशाला

आमचे दादा, म्हणजे वडील, ‘कशाला?’ म्हणाले की विषय संपायचा. मैत्रिणीकडे जाऊ? कशाला? वेणीला नवी रिबीन? कशाला? कारण सांगायला जावं, तर ‘उलट बोलती व्हय!’ हे वर बक्षीस.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तशी आमच्या शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, पण इंग्रजीचे मास्तर तेच राहिले. ते शिकवायचे, ‘व्हाय मतलब कायकू. व्हाय आला की जवाब बिकॉजनं सुरू करायचा, बेटी.’ म्हणजे जगात असाही एक ‘कशाला’ होता, जो उत्तरासाठी थांबायचा. मला तो फार आवडला.

मॅट्रिक झाले आणि छावणीतलं एक स्थळ पाहायला आलं. मला कॉलेजात जायचं होतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ऐकू येत नव्हतं. डोक्यावर पदर देऊन मला पाटावर बसवलं. मुलगा कचेरीत कारकून. त्यानं ऐटीत विचारलं, ‘व्हाय डोन्ट यू से समथिंग?’

काहीतरी बोला की, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मला मात्र त्यातला ‘व्हाय’ तेवढा ऐकू आला आणि मास्तरांना स्मरून मी खरं कारण सांगून टाकलं, ‘बिकॉज आय वॉन्ट कॉलेज. आय डोन्ट वॉन्ट मॅरेज.’

घरात इतकं स्पष्ट मी कधी बोललेच नव्हते. मुलाच्या मामानं मांडीवर थाप मारली, ‘आरं, लई फाडफाड बोलती की पोरगी!’ दादांची छाती फुगली. अर्थ कुणी विचारला नाही.

ज्याला तो कळला होता, तो मुलगा गालातल्या गालात हसत होता. मामानं त्याला विचारलं, ‘मग, पसंत हाय का?’

‘व्हाय नॉट!’

‘नॉट’ ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. नकार! मी पदराआड हसलेसुद्धा. तेवढ्यात सुपारी फुटली.

लग्नानंतर पाहते तर साहेब असो, शेजारी असो, कुणी काही मागितलं की यांचं ‘व्हाय नॉट!’ तयार. तो होकार असतो, हे आता चांगलंच कळलं होतं. म्हटलं, चला, फसले ती काही अगदीच वाईट फसले नाही. एकदा चहा देताना धीर करून विचारलं, ‘अहो, कॉलेजात नाव घालू का?’

त्यांनी कप खाली ठेवला. या वेळी ते स्वच्छ मराठीत बोलले.

‘कशाला?’