न वाजलेलं बेअरिंग

माझ्या थोरल्या भावाला गॅरेजच्या रस्त्यावर सगळे ‘कान’ म्हणतात. खरं नाव फक्त आईला आणि बँकेला माहीत. त्याच्याकडे हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय दुखतंय ते सांगायचं, हे त्याचं काम. जुनी गाडी घेणारे लोक त्याला सोबत नेत, कारण तो ना घेणाऱ्याचा, ना विकणाऱ्याचा. एरवी माणूस तसा बिनकामाचाच. वहिनीने चार वस्तू सांगितल्या तर दोन आणतो, आणि कुणाकडे गेला तर यजमानांचं सोडून त्यांच्या पंख्याचं ऐकत बसतो.

माझं उलट. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या मी घेते आणि घासूनपुसून विकते. जुन्या मालाला नावं ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. दार बघून मनात उड्या मारत असले, तरी तोंडाने ‘वाळवी दिसतेय’ म्हणते. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

भाड्याच्या ट्रकवाल्यांनी नाकी नऊ आणले, तेव्हा स्वतःचा ट्रक घ्यायचं ठरवलं. जाहिरातीत एक सापडला, पण आठ तासांच्या अंतरावर. विकणारे एक वयस्कर ड्रायव्हर होते. फोनवर त्यांनी ट्रकच्या गुणांआधी दोषच सांगितले: एक काच अर्धीच उतरते, जादा चाकाला ठिगळ आहे, दुसरा गिअर अडतो, तो समजावून घालावा लागतो. हा मोठा ट्रक आता झेपत नाही, तो विकून छोटा टेम्पो घेणार आणि गावातल्या गावात भाजी वाहणार, असंही म्हणाले. मी पण ऐटीत सांगून टाकलं, की माझा भाऊ गाडी ऐकायला येईल आणि त्याचा कान आजवर कधी चुकलेला नाही.

जाताना बसमध्ये मी दादाला सांगितलं, की गाडी कितीही चांगली निघाली तरी काहीतरी खोड काढ. तो नाही म्हणाला. मी चिडले. परक्यांसाठी उन्हातान्हात फिरतोस, सख्ख्या बहिणीसाठी एक वाक्य जड झालं का, असं म्हटलं. ते शब्द मी विचार करून निवडले होते, कारण ते लागणार हे मला माहीत होतं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “बघू.”

ट्रक अंगणात उभा होता, धुतलेला. विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवतात, म्हणजे दोष झाकले जातात. यांनी मुद्दाम थंड ठेवलं होतं. दादाने बॉनेटला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली.

इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. दादाने स्क्रू-ड्रायव्हर तीन-चार ठिकाणी टेकवला. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मला ओळखीचं होतं. उत्तम इंजिन ऐकताना तो झोपेतल्या बाळासारखा दिसतो. मग त्याने डोळे उघडले, हात पुसले आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “खालून बेअरिंग वाजतंय.”

ड्रायव्हरकाकांनी वाद घातला नाही. उलट कान पुढे करून ऐकायला लागले. बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी विचारलं, “कधीपासून वाजत असेल?”

“पाच-सहा महिने,” दादा म्हणाला.

काकांनी दारात उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. ती नुकतीच हसत सांगत होती, की हल्ली यांना बेल ऐकू येत नाही. आता ती हसली नाही. मी मनात धरलेल्या आकड्याच्याही खाली काका स्वतःच उतरले. सही करताना म्हणाले, “बरं झालं तुम्ही आलात. ज्याला स्वतःच्या गाडीचं दुखणं ऐकू येत नाही, त्याने रस्त्यावर जाऊ नये. टेम्पोचं राहू दे आता.”

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी चावी उचलली.

ट्रक माझ्याकडे आठ महिने तक्रारीविना चालला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. रोज सकाळी इंजिन सुरू झालं की मला शरम वाटायची. गाडी बिघडली असती तर बरं, असंही मनात येऊन गेलं. दादाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त गाड्या ऐकायला जाणं बंद केलं. कुणी बोलवायला आलं की म्हणायचा, दुसरा कुणीतरी बघा. स्क्रू-ड्रायव्हर फळीवर पडून होता. वहिनी मला म्हणाली, “काय झालंय यांना, तुम्हाला माहीत आहे का?” मी नाही म्हटलं. हे माझं दुसरं खोटं.

शेवटी मी फोन केला. काकूंनी उचलला. काका घरीच असतात, म्हणाल्या. “सायकलसुद्धा चालवत नाहीत, रस्ता ओलांडताना माझा हात धरतात.”

दुसऱ्या दिवशी मी दादाला ट्रकमध्ये बसवलं आणि आम्ही गेलो. त्याच अंगणात, उभ्याउभ्या, मी सगळं सांगितलं. बेअरिंग वाजत नव्हतं. भाव पाडायला मी दादाकडून खोटं वदवलं. दादाही म्हणाला, “काका, इंजिन मी अजून खोललेलंसुद्धा नाही. तुम्ही बरोबर ऐकत होतात.”

काका रागावतील, हाकलून देतील, याची मी तयारी करून गेले होते. त्यांनी आधी आमच्यासाठी खुर्च्या मागवल्या. मग दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

“बेअरिंगचं काम करून घेतलंत ना? मग झालं. म्हाताऱ्याचं मन राखायला एवढ्या लांब कोण येतं?”

मी शपथा घेतल्या. ते ऐकून घेत होते, लहान मुलाचं ऐकावं तसं. मग म्हणाले, “ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना फोनवर? भावाचा कान कधी चुकत नाही म्हणून.”

दादाने चावी त्यांच्यापुढे धरली आणि एक चक्कर मारून आणा म्हणाला. काकांनी ती घेतली, तळहातावर थोडा वेळ धरली आणि माझ्याकडे दिली. मग ज्या ट्रकमध्ये एकोणीस वर्षं स्टिअरिंगमागे बसले, त्यात दुसऱ्या बाजूने चढून बसले.

मी ट्रक गल्लीतून काढला. दुसरा गिअर अडला, तेव्हा ते हळूच म्हणाले, “समजावून घाला.” मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी मान वाकडी करून ऐकलं. इंजिन स्वच्छ चालत होतं.

“येतोय का हो आवाज?” त्यांनी मला विचारलं.

“नाही काका.”

“तुम्ही म्हणता तर नसेल,” ते म्हणाले.